परदेशातील लष्करी हस्तक्षेपाचे परिणाम कसे तपासावेत : श्रीलंकेतील शांतिसेनेच्या अनुभवावरून

परदेशी सैन्य पाठवल्यानंतर घडलेल्या गोष्टींचा अभ्यास करणाऱ्याने आधी दोन शब्द वेगळे करावेत. ज्याची कोणालाच कल्पना नव्हती ते ‘अनपेक्षित’, आणि जे घडवण्याचा हेतू नव्हता ते ‘अनुद्दिष्ट’. ज्या धोक्याची चिन्हे आधीच समोर होती तो परिणाम अनुद्दिष्ट असू शकतो, पण त्याला अनपेक्षित म्हटले की निर्णय घेणाऱ्यांची जबाबदारी नकळत पुसली जाते. हा फरक शिकण्यासाठी दूरचे उदाहरण शोधण्याची गरज नाही; सरकार आणि तमिळ बंडखोर गट यांच्यातील युद्ध थांबवण्यासाठी १९८७ ते १९९० या काळात श्रीलंकेत गेलेली भारतीय शांतिसेना पुरेशी आहे.

सुरुवात त्या वेळच्या कागदपत्रांपासून करावी, नंतर लिहिलेल्या आठवणींपासून नव्हे, कारण परिणाम कळल्यावर माणूस आपला मूळ हेतूही बदलून सांगतो. राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जे. आर. जयवर्धने यांनी २९ जुलै १९८७ रोजी कोलंबोत केलेल्या करारात ४८ तासांत शस्त्रसंधी, त्यानंतर ७२ तासांत तमिळ गटांचे शस्त्रसमर्पण आणि उत्तर व पूर्व प्रांतांचे तात्पुरते एकत्रीकरण ठरले होते. सोबत दिल्या-घेतल्या गेलेल्या पत्रांत त्रिंकोमाली बंदर भारताच्या हिताला बाधक ठरेल अशा रीतीने परकीय सैन्याला वापरू न देण्याचे आश्वासन होते. म्हणजे तमिळांची सुरक्षा आणि भारताची सामरिक गरज हे दोन्ही हेतू पहिल्या दिवसापासून शेजारी शेजारी बसले होते. दोन्हींची नोंद करावी, नाहीतर पुढचा हिशेब चुकतो.

मग करारावर कोणाची सही नाही, ते पाहावे. मला ही पायरी सर्वांत महत्त्वाची वाटते. ज्यांनी शस्त्रे खाली ठेवायची होती त्या लिट्टेची, म्हणजे स्वतंत्र तमिळ राष्ट्रासाठी लढणाऱ्या सर्वांत बलाढ्य संघटनेची, सही नव्हती. ४ ऑगस्टच्या, जाफनाजवळील सुदुमलैच्या सभेत लिट्टेचे प्रमुख प्रभाकरन यांनी शस्त्रे सोपवण्याची तयारी सांगितली, पण करार आपल्यावर लादला गेल्याचेही स्पष्ट केले. दक्षिणेतील सिंहली जनतेलाही कोणी विचारले नव्हते. करारानंतर दुसऱ्याच दिवशी मानवंदनेच्या वेळी एका नौसैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीच्या दस्त्याने प्रहार केला, आणि जनता विमुक्ती पेरामुना या डाव्या सिंहली पक्षाने भारतविरोधी संतापाचे भांडवल करून जो उठाव पेटवला तो १९८९ च्या अखेरीपर्यंत चालला. उत्तरेतील भांडण शमवण्यासाठी गेलेल्या सैन्याची उपस्थिती दक्षिणेतील रक्तपाताला निमित्त ठरली. श्रीलंकेचे तत्कालीन पंतप्रधान रणसिंघे प्रेमदासा यांचा कराराला उघड विरोध होता. ते १९८९ च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्याच वर्षी त्यांनी शांतिसेनेला परत जाण्यास सांगितले, यात अनपेक्षित काहीच नव्हते. मात्र कोलंबोचे सरकार लिट्टेलाच शस्त्रे पुरवेल, हे १९८७ मध्ये क्वचितच कोणाच्या मनात आले असेल.

पुढची पायरी म्हणजे सैन्याचे काम बदलले तो दिवस शोधणे. वहीत दोन रकाने आखावेत : सोपवलेले काम आणि प्रत्यक्ष केलेले काम. १९८७ चा सप्टेंबर संपेपर्यंत ते बरेचसे जुळतात. ऑक्टोबरच्या सुरुवातीला श्रीलंकेच्या नौदलाने लिट्टेचे काही जण पकडले. त्यांना कोलंबोला नेण्याचा श्रीलंका सरकारने आग्रह धरला, आणि ५ तारखेला जाफनाजवळील पलालीच्या तळावर त्यांपैकी बारा जणांनी सायनाइड घेऊन प्राण सोडले. पाच दिवसांत लिट्टेकडून जाफना घेण्यासाठी शांतिसेनेचे ‘ऑपरेशन पवन’ सुरू झाले. जाफना विद्यापीठात हेलिकॉप्टरने उतरवलेली १३ शीख लाइट इन्फन्ट्रीची तुकडी जवळपास संपूर्ण मारली गेली, आणि दिवाळीच्या दिवशी, २१ ऑक्टोबरला, जाफनाच्या रुग्णालयात शिरलेल्या सैनिकांच्या गोळीबारात डॉक्टर, परिचारिका व रुग्ण मृत्युमुखी पडले. ज्यांच्या रक्षणासाठी सैन्य गेले, त्यांच्याच मनातून ते तेव्हा उतरले.

येथे साक्षी दोन्ही बाजूंच्या घ्याव्यात. नोव्हेंबरमध्ये वीरमरण आलेले, मुंबईत जन्मलेले ८ महार बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना परमवीरचक्र मिळाले. मोहिमेत १,१०० हून अधिक भारतीय जवान कामी आले. त्यांचा मान राखूनच जाफनातील नागरिकांचे जबाबही वाचावेत. शरीररचनाशास्त्राच्या प्राध्यापिका राजनी तिरणगामा यांनी शांतिसेना, लिट्टे आणि सरकार या सर्वांच्या अत्याचारांची नोंद केली. सप्टेंबर १९८९ मध्ये त्यांची हत्या झाली.

परतीचा काळ तर अजिबात वगळू नये. भारताच्या पाठबळाने उभ्या केलेल्या तमिळ राष्ट्रीय सेनेत अनेक तरुणांना सक्तीने भरती केले होते. मार्च १९९० मध्ये शेवटची भारतीय तुकडी निघेपर्यंत ती सेना कोसळली होती आणि तिची शस्त्रे लिट्टेच्या हाती पडली होती. जूनमध्ये युद्ध पुन्हा सुरू झाले.

आता सर्वांत अवघड भाग. ‘नंतर’ म्हणजे ‘मुळे’ नव्हे. प्रत्येक परिणामाबाबत विचारावे, की सैन्य गेले नसते तर हे घडले असते का? श्रीलंकेतील युद्ध १९८३ पासूनच चालू होते, म्हणून २००९ पर्यंतचा सगळा संहार शांतिसेनेच्या माथी मारता येत नाही. उलट २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुंबुदूर येथे लिट्टेने केलेल्या राजीव गांधींच्या हत्येचा शांतिसेनेच्या कारवाईशी थेट संबंध लागतो. हेच प्रश्न लिबियाला लावून पाहावेत. २०११ मध्ये तेथे नाटोने हवाई हल्ले केले, गद्दाफींची राजवट कोसळली, आणि त्यांच्या सैन्यातील तुआरेग या सहारातील भटक्या जमातीचे लढवय्ये शस्त्रांसह मालीत परतले. मालीतील तुआरेगांची तक्रार जुनी होती. पण जानेवारी २०१२ च्या बंडाला बळ त्या शस्त्रांनी दिले.

शेवटी, टिकून राहिलेल्या गोष्टींचीही नोंद करावी. करारातून श्रीलंकेच्या राज्यघटनेची तेरावी दुरुस्ती आणि प्रांतिक परिषदा आल्या. तमिळांच्या मागणीतून जन्मलेल्या या परिषदा सिंहली प्रांतांत २०१७ पर्यंत नियमित चालत राहिल्या. उत्तर-पूर्वेची परिषद मात्र १९९० मध्ये बरखास्त झाली, आणि निवडून आलेली परिषद पुन्हा मिळायला पूर्व प्रांताला २००८ आणि उत्तर प्रांताला २०१३ उजाडावे लागले.