लांबी-कोन बदलणारं क्रीम-मेकअपचं साधन बनवताय? या चुका टाळा

निपाणीच्या माझ्या मावशीनं पंचवीस वर्षं विड्या वळल्या. आता उजव्या अंगठ्याचा सांधा सुजलेला असतो आणि खांदा वर जात नाही. तिला पाठीला क्रीम लावता यावं, कपाळाला कुंकू नीट टेकवता यावं म्हणून बेळगावात उद्यमबागेतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये मी एक साधन बनवलं. दोनदा फसलं, तिसऱ्यांदा जमलं. तुमचा वेळ आणि माल वाचावा म्हणून हे लिहितोय.

दुखऱ्या अंगठ्याकडूनच ताकद मागणं

पहिल्या साधनात अ‍ॅल्युमिनियमच्या दोन नळ्या एकात एक सरकायच्या आणि त्यांना जागेवर धरायला थंब स्क्रू, म्हणजे चिमटीनं फिरवायचा स्क्रू. लेथवर, म्हणजे धातू फिरवून कातायच्या यंत्रावर, बारीक खाचा (नर्लिंग) काढून त्याला चांगली खरखरीत पकड दिली होती. मावशीनं तळहातावर खोबरेल घेतलं आणि स्क्रू चिमटीत धरून फिरवला. बोटं फिरली, स्क्रू जागचा हलला नाही. मग तिनं तो दातात धरला. ‘घसरायलंय रे हे,’ एवढंच म्हणाली. माझा आराखडा तिथंच चुकला होता. जो अंगठा दुखतो म्हणून साधन करायचं, त्याच अंगठ्याची चिमूट मी लांबी बदलायला मागत होतो.

त्या स्क्रूचा आणखी एक दोष चार दिवसांनी कळला. त्याच्या टोकानं आतल्या नळीला खड्डे पाडले, कडेला बर, म्हणजे धातूची खरखरीत धार, उठली आणि नळी अडकू लागली. स्क्रू ठेवायचाच असेल तर टोकाखाली नायलॉनचा तुकडा घाला आणि खड्डे कानशीनं साफ करा. छत्रीच्या दांड्यासारखा खटका लावून बघितला, पण ते बारीक बटण नखानं दाबावं लागतं. सुजलेल्या सांध्याला तेही नको. शेवटी ट्रायपॉडच्या पायाला असतो तसा उघडमिट करणारा लिव्हर घेतला. तो तळहातानं किंवा मनगटाच्या कडेनंही मिटतो. लिव्हर जितका लांब, तितका जोर कमी. आमचा जवळपास 35 मिमी आहे.

मुठीचीही हीच गोष्ट. ब्रशची बारीक दांडी धरायला चिमूट लागते. पकड कमी असेल तर 30 ते 40 मिमी जाडीची, जराशी मऊ मूठ बरी पडते. अमेरिकेत सॅम फार्बर यांनी पत्नीचा सांधेदुखीचा त्रास बघून 1990 मध्ये ऑक्सो कंपनीची जाड, मऊ मुठीची सोलणी बाजारात आणली. स्वयंपाकघरातला तो धडा मेकअपच्या साधनालाही तसाच लागू पडतो.

टोकाला वजन

लांबी वाढवताना टोक हलकंच ठेवा. मुठीपासून 10 सेंमीवर जे वजन जाणवतं, तेच 40 सेंमीवर मनगटाला चौपट ताण देतं. बॉल जॉइंट (सगळीकडे वळणारा गोळीचा सांधा), स्पंज, क्रीमची कुपी असं सगळं टोकाला बसवलं की पाठीपर्यंत पोचायच्या आधीच हात खाली येतो. जड भाग मुठीत घ्या.

साधनाची मान वाकवायला नुसती तार

दुसऱ्या साधनात अ‍ॅल्युमिनियमच्या तारेची मान, म्हणजे दांडी आणि टोक यांच्यामधला वाकणारा भाग, होती. रोज एकाच जागी वाकवल्यानं ती थकली आणि तुटली. तारेला मोठी गोलाई द्या, किंवा दात असलेला सांधा वापरा म्हणजे कोन एकेक टप्प्यानं बदलतो. नुसत्या घर्षणावर टिकणारा बॉल जॉइंट तेल लागलं की ढिला पडतो. तो आणखी आवळत बसू नका. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणानं धुवा, पुसून वाळवा. तरीही सरकला तर वॉशर झिजलाय, तो बदला.

कुंकवाचं टोक सरळ दांडीवर लावलं होतं तेव्हा तिची मूठच आरशाआड यायची. आधी मेणाचा ठिपका, मग त्यावर कुंकू, असं ती लावते. दोन्ही वेळा कपाळ दिसलं पाहिजे. मानेला साधारण 45 अंशांचा बाक दिला आणि प्रश्न सुटला. डोळ्याजवळ न्यायच्या टोकाला मात्र स्प्रिंग लावू नका. खटका चुकून सुटला तर टोक थेट डोळ्यावर जाईल.

कशाचं काय होतं

खोबरेल किंवा खनिज तेल लागलं की नैसर्गिक रबर फुगून चिकट होतं. सिलिकॉन त्यात टिकतं, पण काही सनस्क्रीन आणि प्रायमरमध्ये (मेकअपआधी लावायच्या क्रीममध्ये) डायमेथिकोन, म्हणजे सिलिकॉनचंच तेल असतं. त्यानं टोकावरची सिलिकॉनची गादी फुगू शकते. गादी सुटी आणि बदलता येईल अशी ठेवा. थ्रीडी प्रिंटचं पीएलए नावाचं प्लास्टिक 60 अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं, त्यामुळे असं टोक उकळत्या पाण्यात टाकू नका. प्रिंटच्या थरांमधल्या खाचांत क्रीम अडकतं, म्हणून त्वचेला लागणारा भाग गुळगुळीतच हवा.

आणि आपला पाऊस. जुलैत खानापूरकडे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, तिथं स्पंज कुठून वाळणार? वास यायला लागला की तो टाकाच. पोकळ मुठीच्या खालच्या टोकाला भोक ठेवा, नाहीतर आत पाणी साचतं. लाकडी मूठ ओलीनं फुगली आणि आत बसलेली नळी सरकेना, हे मी स्वतः भोगलंय.

हात थरथरत असेल तर या उपायांनी फारसं भागत नाही. ते काम वेगळं आहे. लॉरियाल या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीनं 2023 च्या जानेवारीत दाखवलेलं हॅप्टा हे लिपस्टिक लावायचं साधन हाताची थरथर मोजून टोक स्थिर ठेवतं. लेथवर तसलं काही होत नाही.

साधन दुसऱ्याच्या हाती देताना ते कसं चालतं हे सांगू नका. हाताला तेल लावायला सांगा आणि गप्प बसून बघा. तिसरं साधन मावशीनं असंच उघडलं, लिव्हर मनगटानं मिटवला आणि पाठीला क्रीम लावून परत टेबलावर ठेवलं. तिच्या डावखुऱ्या शेजारणीला मात्र तो लिव्हर उलट्या बाजूला हवाय. ते काम या आठवड्यात लेथवर आहे.