लघुचित्र शिकताय? आधी डिंक समजून घ्या

वसली, म्हणजे लघुचित्राचा जाड थरांचा कागद, विकत आणा. हे ऐकून काही जणांना राग येईल, पण कागदाचे थर खळीने एकावर एक चिकटवायचे, दाबाखाली वाळवायचे, घोटून गुळगुळीत करायचे, यात सुरुवातीचे महिने घालवू नका. जयपूरकडून येणारी तयार वसली नवशिक्याला पुरते. खळीत मोरचूद घातलंय ना, एवढं विचारून घ्या, नाहीतर बडोद्याच्या पावसाळ्यात कसर लागते. वसली करायला शिकायचंच आहे, पण नंतर.

रंग मात्र विकतचा नको. ट्यूबमधल्या गुआशने (अपारदर्शक जलरंगाने) रेघेचा सराव करा, खाका म्हणजे चित्राचा आराखडा उतरवा, पण चित्र रंगवू नका. त्यात रंगाला कागदावर धरून ठेवणारा डिंक दुसऱ्या कुणीतरी घालून ठेवलेला असतो, आणि अडकायची जागा नेमकी तीच आहे. मी तिथेच अडकले होते. कधी रंगाची भुकटी बोटाला यायची, कधी वाळलेला रंग तडकायचा. शिकवणारे म्हणायचे, "येईल हळूहळू अंदाज." आपोआप येत नाही तो. तो का चुकतो हे कुणीतरी सांगावं लागतं, म्हणून इथे जरा लांबण लावते.

डिंक बाभळीचा घ्या. बडोद्यात मांडवीकडे नुसता गुंदर (डिंकच, गुजरातीत) मागितलात तर दुकानदार दोन-तीन प्रकार पुढे करील. थोडासा आणून रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी विरघळून मधाइतका दाट झाला असेल तर बरोबर. फुगून लिबलिबीत गोळा झाला असेल तर तो कतिरा किंवा कडाया, आपल्या कामाचा नाही. विरघळलेला डिंक मलमलीतून गाळा. उन्हाळ्यात तो लवकर आंबतो, त्यामुळे थोडाथोडाच करा.

आता मुख्य गोष्ट. सगळे रंग सारखा डिंक पीत नाहीत. काजळी, पिवळी माती यांचे कण बारीक, त्यांना डिंक पुष्कळ लागतो. हिंगूळ हा लाल रंग जड, त्याला थोडक्यात भागतं (तो तुम्ही एवढ्यात वापरायचा नाही, का ते पुढे येईल). एकच प्रमाण सगळ्यांना लावलंत की काजळी बोटाला येणार आणि हिंगूळ तडकणार. काजळी तर पाण्यावर नुसती तरंगते. तिला आधी दाट डिंकातच घोटायचं, पाणी मागाहून.

याचं एवढं महत्त्व का? कारण लघुचित्रात थरावर थर चढतात. अस्तर, मग सपाट रंगभरणी, त्यावर परदाजाचे बारीक ठिपके आणि रेघा, शेवटी खुलाईची, म्हणजे आकार उठवणारी बाह्यरेघ. खालच्या थरात डिंक कमी पडला तर वरचा ओला ब्रश तो उचलतो आणि चेहऱ्याचा चिखल होतो. जास्त झाला तर वरचा रंग धरतच नाही, मागे सरतो, आणि घोटताना पापुद्रे निघतात.

प्रत्येक रंग चित्रात घ्यायच्या आधी वसलीच्या तुकड्यावर एक पट्टा ओढा. पूर्ण वाळला की कोरड्या बोटाने चोळा. बोट रंगलं तर डिंक कमी. न घोटताच चकाकी आली तर जास्त. शंका राहिली तर तुकडा किंचित वाकवा, भेगा पडल्या की उत्तर मिळालं. डिंक जास्त झालेला रंग टाकून देऊ नका. भरपूर पाणी घालून शिंपल्यात बसू द्या आणि वरचं पाणी निथळून घ्या, डिंक त्याच्याबरोबर जातो. काजळी आणि नीळ मात्र लवकर तळाला बसत नाहीत, त्यांच्यात डिंक थेंबाथेंबानेच घाला. कुठल्या रंगाला किती लागला ते वहीत लिहा.

घाबरू नका. गेरूचं एकदा जमलं की हिरमिजीला (तीही लाल मातीच) निम्मी मेहनत पडते.

घाबरायचं ते विषाला. हरताळ या पिवळ्या रंगात आर्सेनिक, हिंगुळात पारा, शेंदरात शिसं. कुणी 'अस्सल' म्हणून कितीही गळ घातली तरी हे घरी खलात घोटायचं नाही. गेरू, रामरज (पिवळी माती), खडी, नीळ, काजळी एवढ्यावर पुष्कळ काम होतं. आणि ब्रशाचं टोक ओठांत धरून टोकदार करायची सवय लावूच नका, मग समोरचे उस्ताद तसं करत असले तरी.

ब्रश परंपरेने खारीच्या शेपटीच्या केसांचा. आज चांगला सिंथेटिक चालतो. मुंगसाच्या केसांचा कुणी देऊ केला तर नको म्हणा, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहे. एका केसाच्या ब्रशाच्या गोष्टींवर विश्वास ठेवू नका. ब्रशाला रंग धरणारं पोट लागतं, फक्त टोक केसाएवढं हवं.

पहिली नक्कल मुघल व्यक्तिचित्राची करू नका. गुजरातच्या जैन पोथ्यांतली चित्रं घ्या, आधी ताडपत्रावर आणि चौदाव्या शतकापासून कागदावर आलेली. सपाट लाल किंवा निळी पार्श्वभूमी, धारदार रेघ, चेहऱ्याबाहेर आलेला पलीकडचा डोळा. परदाज जवळजवळ नाहीच, त्यामुळे डिंक चुकला तर लपवायला जागा उरत नाही. बडोद्यात कमाटीबागेतल्या संग्रहालयात लघुचित्रं बघताना काचेजवळ वाकून तिरक्या उजेडात बघा, रंगाची जाडी दिसते. इथल्याच तांबेकर वाड्यातली चित्रं भिंतीवरची, तंत्र वेगळं, पण रेघ बघायला जाच.

गुरू निवडताना मी एकच बघते. तुमच्या चित्रातला डोळा जो स्वतः काढून देतो, त्याच्याकडे राहू नका. चित्र सुंदर दिसतं आणि तुम्ही तिथेच राहता. दोन दिवसांच्या कार्यशाळा साहित्याची ओळख व्हायला ठीक. जुन्या दस्तऐवजांच्या कागदावर चित्र काढून ते जुनं म्हणून विकणारे भेटतील, पैसेही चांगले सांगतील. त्यांच्या वाऱ्याला उभे राहू नका.

राहिली घोटाई. चित्र स्वच्छ काचेवर किंवा संगमरवरावर पालथं ठेवून मागून अकीकाच्या गुळगुळीत दगडाने घोटतात. अकीकासाठी लांब जायला नको, खंभात जवळच आहे. पण जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत डिंक चिकट होतो आणि रंग काचेवर उतरतो. त्या दिवसांत आधी एखादा कोपरा घोटून बघा. काचेला जरा जरी रंग लागला तरी चित्र सपाट ठेवून द्या आणि नवरात्रापर्यंत हात लावू नका.