कॉकर स्पॅनियलचे कान : पावसाळ्याआधी हे वाचाच

कॉकर स्पॅनियलचं नाव 'वुडकॉक' या पक्ष्यावरून पडलं. इंग्लंडमध्ये झुडपांत दडलेले हे पक्षी उठवायला ही कुत्री वापरत. पुढे अमेरिकेत त्यांची वेगळी, लहान चणीची जात घडत गेली आणि 1946 मध्ये तिथल्या केनेल क्लबने, म्हणजे कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेने, इंग्लिश कॉकरला स्वतंत्र जात मानलं. घरी पिल्लू आणताना दोन्हींपैकी कोणतं ते जरूर विचारा, कारण अमेरिकन कॉकरचे केस जास्त दाट, म्हणून विंचरण्याचं कामही जास्त.

पण दोघांचंही खरं दुखणं म्हणजे कान. लांब, केसाळ, कायम खाली लोंबणारे. आत हवा खेळत नाही, ओल टिकते आणि बुरशी किंवा जिवाणू वाढतात. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तर विशेष जपावं लागतं. आठवड्यातून एकदा कान उलटून आत बघा, वास घ्या. आंबूस वास, तपकिरी मळ, सतत डोकं झटकणं किंवा कान खाजवणं दिसलं, तर घरगुती तेल घालू नका. थेट पशुवैद्याकडे न्या. आंघोळीनंतर कान मऊ कापडाने कोरडे करा. कानकाडी मात्र अजिबात नको, मळ आणखी आत ढकलला जातो. कानाच्या आतल्या बाजूचे केस माहीतगार ग्रूमरकडून बारीक करून घ्या.

जेवणाचं भांडं उभट आणि अरुंद तोंडाचं घ्या, म्हणजे कान बाहेरच राहतात, वरणभातात बुडत नाहीत.