योगाकडे व्यवसाय म्हणून वळताना: प्रमाणपत्रे, रुग्ण आणि मर्यादा

योगक्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: कोणता अभ्यासक्रम केला म्हणजे मान्यता मिळते? प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, कारण या क्षेत्रात मान्यता एका दारातून मिळत नाही. शासनाची मान्यता वेगळी, विद्यापीठाची पदवी वेगळी, परदेशी नोंदणी संस्थांचा शिक्का वेगळा आणि ज्या डॉक्टरांनी आपल्याकडे रुग्ण पाठवावेत अशी आपली अपेक्षा असते, त्यांचा विश्वास या सर्वांहून वेगळा. सुरुवातीला सार्वजनिक वर्ग घेऊन पुढे योगचिकित्सेकडे वळल्यावर मला जाणवले, की पहिल्या तीन गोष्टींसाठी फी भरून परीक्षा देता येते. चौथी मात्र रोजच्या कामातूनच मिळवावी लागते.

आधी कागदपत्रांविषयी लिहिते. आयुष मंत्रालयाच्या अखत्यारीत योग प्रमाणीकरण मंडळ काम करते. त्याच्या परीक्षांमध्ये शिकवण्याची शाखा आणि चिकित्सेची शाखा वेगवेगळ्या आहेत. शिकवण्याच्या शाखेतील सुरुवातीच्या स्तराला, म्हणजे योग प्रोटोकॉल इन्स्ट्रक्टरला, सुमारे २०० तासांचा अभ्यास अपेक्षित असतो. त्यापुढच्या वेलनेस इन्स्ट्रक्टरला ४०० तासांचा, आणि पुढे शिक्षक-मूल्यमापक व योग मास्टर असे स्तर चढत जातात. चिकित्सेची शाखा सहायक योग थेरपिस्टपासून सुरू होते. नवख्यांची गल्लत येथेच होते. प्रोटोकॉल इन्स्ट्रक्टर झालेली व्यक्ती निरोगी माणसांचा वर्ग घेण्यास पात्र ठरते. कंबरदुखीच्या रुग्णावर उपचार करण्यास नव्हे. परीक्षेत लेखी भागाबरोबर प्रात्यक्षिकही असते, आणि प्रात्यक्षिकात स्वतःचे आसन कितीही देखणे असले तरी समोरच्याला पूर्वस्थितीतून आसनस्थितीत नेऊन पुन्हा विश्रामस्थितीत आणताना सूचना स्पष्ट, क्रमवार आणि श्वासाशी जुळलेल्या देता येतात का, हे पाहिले जाते. पाठ घेण्याचा सराव आरशासमोर करू नये. समोर एखादा अनभ्यस्त माणूस बसवूनच करावा. आपली सूचना कोठे अपुरी पडते ते त्याच्या गोंधळलेल्या हातापायांवरून लगेच दिसते.

विद्यापीठीय वाट लांब असली तरी तिचे फायदे आहेत. अनेक विद्यापीठांत योगशास्त्रात पदविका, पदवी आणि एम. ए. किंवा एम. एस्सी. करता येते, आणि २०१७ पासून योग हा नेट या प्राध्यापकपदाच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचाही विषय असल्याने महाविद्यालयीन अध्यापनाचा मार्ग त्यातून खुला होतो. बारावी विज्ञान शाखेतून, जीवशास्त्र घेऊन उत्तीर्ण झालेल्यांना बी. एन. वाय. एस. हा निसर्गोपचार व योगविज्ञानाचा आंतरवासितेसह साडेपाच वर्षांचा पदवी अभ्यासक्रम उपलब्ध आहे. अमेरिकेतील योगा अलायन्सचे २०० आणि ५०० तासांचे नोंदणीस्तर आपल्याकडेही पुष्कळ लोकप्रिय आहेत, आणि परदेशात स्टुडिओत शिकवायचे असेल तर त्यांचा उपयोग होतो. मात्र ती एक खासगी नोंदणी संस्था आहे, शासकीय परवाना देणारी यंत्रणा नव्हे, हे प्रवेशशुल्क भरण्यापूर्वी समजून घ्यावे.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर चित्र अजून अर्धवट आहे. भारतीय चिकित्सा पद्धतींसाठी २०२० सालच्या कायद्याने जो राष्ट्रीय आयोग स्थापन झाला, त्याच्या कक्षेत आयुर्वेद, युनानी, सिद्ध आणि सोवा-रिग्पा (तिबेटी वैद्यक) या पद्धती आहेत. योग आणि निसर्गोपचार त्यात नाहीत. आयुष (AYUSH) या इंग्रजी आद्याक्षरांच्या नावातला ‘वाय’ योगाचा असूनही अशी स्थिती आहे. योग शिक्षकाने वा थेरपिस्टने स्वतःला ‘डॉक्टर’ म्हणवून घेणे, औषधे सुचवणे किंवा रोगनिदान करणे याला त्याच्या प्रमाणपत्राचा आधार नसतो. काहींना ही मर्यादा अपमानास्पद वाटते. माझे मत उलट आहे: आपले काम नेमके कोठे संपते हे ठाऊक असलेल्या माणसाशीच इतर व्यावसायिक निःशंकपणे काम करतात.

योगाला वैद्यकाच्या भाषेत मांडण्याची धडपड काही आजची नाही, आणि तिचा मोठा भाग महाराष्ट्रात घडला आहे. सांताक्रूझच्या योग इन्स्टिट्यूटची स्थापना श्रीयोगेंद्रांनी १९१८ साली केली. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम उभे केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. त्यांच्या प्रयोगांपैकी एक नवख्याने आवर्जून समजून घ्यावा असा आहे. नौली, म्हणजे पोटाचे स्नायू आवळून फिरवण्याची क्रिया, करताना मोठ्या आतड्यातील दाब मोजला असता तो बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, असे त्यांना आढळले. बस्ती या आतडे धुण्याच्या क्रियेत गुदद्वारातून पाणी आत कसे खेचले जाते, याचे उत्तर त्यात मिळाले. तोपर्यंत अनेकांना तो निव्वळ सिद्धीचा भाग वाटत असे. क्रियेवरची श्रद्धा न सोडता तिच्याकडे दाबमापक घेऊन जाण्याची ही वृत्ती मला फार मोलाची वाटते. आज आपल्या हाती साधने कितीतरी जास्त आहेत, पण बहुतेक योगवर्गांत अजून साध्या नाडीच्या ठोक्यांचीही नोंद होत नाही.

आता ‘समग्र आरोग्य’ या शब्दांकडे वळते. प्रत्येक माहितीपत्रकावर ते छापलेले असतात, आणि परीक्षेत तैत्तिरीय उपनिषदातील पंचकोश, म्हणजे अन्नमयापासून आनंदमयापर्यंत माणसाचे पाच स्तर, लिहून पूर्ण गुणही मिळतात. प्रत्यक्ष कामात मात्र समग्रता म्हणजे आसन देण्यापूर्वी विचारलेले प्रश्न. झोप कधी लागते, मध्ये जाग येते का, जेवणाच्या वेळा काय, पोट साफ होते का, दिवसाचे किती तास बसून जातात, घरी कोणाची शुश्रूषा करावी लागते का, कोणती औषधे चालू आहेत, शस्त्रक्रिया कोणत्या झाल्या आहेत. हे सगळे लिहून घेतल्याशिवाय मी चटईवर जात नाही.

एक उदाहरण सांगते. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. मानेच्या जुनाट दुखण्यासाठी एक साधक आले होते. तपासण्या झाल्या होत्या, गंभीर काही नव्हते, आणि डॉक्टरांनी व्यायाम सुचवला होता. ते खुर्चीत बसून बोलत असताना मी त्यांच्या गळ्याकडे पाहत होते. प्रत्येक श्वासाबरोबर खांदे वर उचलले जात, कानामागून गळपट्टीच्या हाडाकडे उतरणारा स्नायू दोरीसारखा ताणला जाई, आणि पोट मात्र जवळजवळ हलत नसे. मिनिटाला वीसच्या आसपास श्वास होते. काम रात्रपाळीचे होते आणि झोप तुकड्या-तुकड्यांत होत होती. अशा माणसाला पहिल्याच दिवशी मानेच्या हालचाली देण्यात मला अर्थ दिसला नाही. शयनस्थितीत, गुडघे मोडून, एक हात पोटावर ठेवून केवळ श्वास पाहायला सांगितले. मग उच्छ्वास थोडा लांबवायला सांगितला. हात वर-खाली होऊ लागण्यासच बराच वेळ लागला. पुढे मकरासन (पालथे पडून विश्रांती), मग भ्रामरी (उच्छ्वासाबरोबर गुंजन), मग खांद्यांचे शिथिलीकरण, आणि मानेचे काम सर्वांत शेवटी आले. आधी झोप सुधारली, दुखणे नंतर आणि बऱ्याच सावकाशीने कमी झाले. पूर्णपणे गेले नाही. त्यांच्या टिपणात मी तसेच लिहिले.

या क्रमामागचे कारण डॉक्टरांना त्यांच्या भाषेत सांगता यायला हवे. प्रौढ माणूस विश्रांतीत मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. ही गती जाणीवपूर्वक सहाच्या आसपास आणली की रक्तदाबाचे नियमन करणाऱ्या प्रतिक्षिप्त क्रियेची संवेदनशीलता वाढते आणि हृदयगतीतील श्वासानुसार होणारा चढउतार अधिक ठळक होतो. हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. भ्रामरीसारख्या गुंजनाने नाकातील नायट्रिक ऑक्साइडचे प्रमाण वाढते, हेही मोजले गेले आहे. जुनाट कंबरदुखीबाबत अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत, औषधांआधी करून पाहण्याच्या उपायांमध्ये योगाचा समावेश आहे. असे आधार मोजके असले तरी भक्कम असतात, आणि ‘योगाने सर्व रोग बरे होतात’ या वाक्याने हे सारे एका क्षणात वाया जाते.

काय करू नये, याचा अभ्यास मी काय करावे याच्याइतकाच महत्त्वाचा मानते. अनियंत्रित उच्च रक्तदाब असताना भस्त्रिका (भात्यासारखा जोरदार श्वासोच्छ्वास), वेगाने केलेली कपालभाती (झटक्याने श्वास बाहेर टाकणे), दीर्घ कुंभक (श्वास रोखून धरणे) आणि शीर्षासनासारखी विपरीत स्थितीची आसने टाळावीत. काचबिंदूच्या रुग्णांना तर डोके खाली जाणाऱ्या आसनांपासून दूरच ठेवावे, कारण त्या स्थितीत डोळ्यांतील दाब वाढतो. हाडे ठिसूळ झालेल्या ज्येष्ठांना पश्चिमोत्तानासनात पाठीला खोल बाक देऊन पुढे ढकलणे मणक्यांच्या दृष्टीने धोक्याचे असते. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणारी व्यक्ती पहाटे उपाशीपोटी वर्गाला येत असेल, तर साखर एकदम कमी होण्याची शक्यता लक्षात ठेवून घाम, थरथर, गोंधळलेपणा ही लक्षणे आपल्याला ओळखता आली पाहिजेत आणि साखर हाताशी असली पाहिजे. औषध कमी करायचे की बंद करायचे, हा निर्णय औषध देणाऱ्या डॉक्टरांचाच असतो. ‘आता गोळीची गरज नाही’ असे वाक्य योग शिक्षकाच्या तोंडून कधीही निघू नये, साधकाने कितीही आग्रहाने विचारले तरी.

डॉक्टरांशी संबंध जोडण्यासाठी मला सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे अर्ध्या पानाचे पत्र. रुग्णाची मूळ तक्रार, त्याला दिलेले अभ्यास, वर्ज्य केलेले अभ्यास, सुरुवातीचे आणि आताचे नाडी व रक्तदाबाचे आकडे, आणि रुग्णाने सांगितलेला फरक, इतकेच त्यात असते. संस्कृत संज्ञा लिहिली तर तिच्यासमोर शरीराची कोणती हालचाल होते तेही लिहावे. ‘अर्धशलभासन’ वाचून अस्थिरोगतज्ज्ञाला काही बोध होत नाही, ‘पालथे झोपून एक पाय गुडघ्यात न वाकवता उचलणे’ म्हटले की लगेच होतो. आरंभी अशा पत्रांना उत्तर येत नाही. काही महिन्यांनी एखादा रुग्ण दवाखान्याची चिठ्ठी घेऊन येतो, आणि चिठ्ठीत ‘योगा’ असे मोघम लिहिलेले नसून ‘पुढे वाकण्याचे व्यायाम देऊ नयेत’ अशी स्पष्ट सूचना असते. मला पदविकेच्या निकालापेक्षा अशी पहिली चिठ्ठी अधिक मोलाची वाटली होती.

स्पर्धेकडे वळणाऱ्यांसाठी येथे एक गोष्ट सांगायला हवी. २०२० साली केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने योगासनाला स्पर्धात्मक क्रीडाप्रकार म्हणून मान्यता दिली, त्यामुळे प्रशिक्षक आणि पंच अशीही नवी कामे निर्माण झाली आहेत. ते क्षेत्र चांगले आहे, पण तेथील कौशल्य वेगळे आहे. स्पर्धेत आसन बाहेरून पाहिले जाते. पतंजलींच्या ‘स्थिरसुखमासनम्’ (आसन स्थिर आणि सुखकर असावे) या सूत्रातले सुख ज्याचे त्यालाच कळते. दोन्ही कामे एकाच वर्गात, एकाच सूचनेने करू पाहणारा शिक्षक मुलांच्या लवचिकतेचा मापदंड साठीतल्या माणसाला लावून बसतो.

पैशाविषयी थोडक्यात. शासकीय आयुष आरोग्य केंद्रांतील योग प्रशिक्षकांची कामे बहुधा अर्धवेळ आणि मानधनावर असतात. केवळ त्यावर घर चालवण्याचा विचार करू नये. शाळा, कंपन्या, रुग्णालयांचे पुनर्वसन विभाग आणि खासगी साधक अशी मिश्र कमाई बहुतेकांची असते. आयकर कायद्याखाली नोंदणी असलेल्या धर्मादाय संस्थांच्या योगविषयक कार्याला वस्तू व सेवा करातून सूट आहे. स्वतंत्रपणे शिकवणाऱ्या व्यक्तीला ती मिळत नाही, आणि वार्षिक उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की नोंदणी करावी लागते. बहुतेकांना ही मर्यादा दूरची वाटते, पण कंपन्यांची कामे मिळू लागली की हिशेब आधीपासून नीट ठेवलेला बरा. कंपन्यांशी करार करताना एका वर्गात किती माणसे असतील हे लेखी घ्यावे. पंचवीस म्हणून ठरलेल्या वर्गात ऐनवेळी ऐंशी माणसे बसवली, तर कोणाचा रक्तदाब किती आहे हे विचारायलाही सवड राहत नाही.

अभ्यासाचा क्रम विचाराल तर मी असा सुचवेन. पहिले वर्ष स्वतःच्या नियमित साधनेला आणि शरीररचनाशास्त्राला द्यावे. अनेक जण दुसरा भाग टाळतात, आणि पुढे मणक्यातील चकती सरकली आहे असे सांगणाऱ्या रुग्णासमोर त्यांना गप्प बसावे लागते. ‘हठयोगप्रदीपिका’ व पतंजलींची सूत्रे मुळातून, भाष्यासह वाचावीत, कारण तोंडी परीक्षेत आणि साधकांच्या शंकांतही पाठांतर फार दूर नेत नाही. त्यानंतर निरोगी माणसांचे वर्ग घ्यावेत, आणि ते सफाईने घेता येऊ लागल्यावरच एखाद्या अनुभवी थेरपिस्टच्या हाताखाली चिकित्सेकडे जावे. हाताखाली काम करताना प्रश्नावली भरण्याचे काम मिळाले तर ते कमी प्रतीचे मानू नये; रुग्ण स्वतःविषयी आधी काय सांगतो आणि उठून जाताना दाराशी काय सांगतो, हे त्या टेबलावर बसणाऱ्यालाच ऐकू येते.