मोंबासाला शिकवायला जाण्याआधी

आमच्या चर्चच्या मंडळीत कुणी ‘मला मिशनवर शिकवायला जायचंय’ म्हणालं की पाळकसाहेब त्याला माझ्याकडे पाठवतात. केनियाच्या किनाऱ्यावर मोंबासाजवळ एका मिशनच्या शाळेत दोन वर्षं गणित शिकवलं, एवढंच माझं भांडवल. आलेल्याला चहा देते आणि पहिला प्रश्न विचारते, “पासपोर्टवर नाव कसं आहे?” पाचारणाचं, म्हणजे देवाच्या बोलावण्याचं, नंतर बोलू.

हसू नका. आपल्या बोर्डाच्या दाखल्यावर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. माझ्या डिग्रीवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. दोन्ही बाया एकच, याचं प्रतिज्ञापत्र आणि कागदांचं साक्षांकन यात दोन महिने गेले. तिकडे शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं. मी मे महिन्यात, दुसऱ्या सत्राला पोचले.

बाकीचं पटकन सांगते. फिरायला जाण्याच्या परवानगीवर शिकवता येत नाही. धार्मिक आणि सेवाभावी कामासाठी वेगळं परमिट असतं, त्याला बोलावणाऱ्या संस्थेचे कागद लागतात. पोलिसांचा दाखला पासपोर्ट सेवेतून मिळतो. पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान 10 दिवस आधी घ्या. त्याचं पिवळं कार्ड जिवापाड जपा, कारण परतताना आपल्याच विमानतळावर ते मागतात आणि नसेल तर 6 दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. किनाऱ्यावर मलेरिया आहे, गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा.

आम्हा नाशिकच्या शरणपूरकरांना आफ्रिका तशी परकी नाही. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना 19व्या शतकात इथे आणून सुतारकाम, लोहारकाम, लिहिणं-वाचणं शिकवलं जायचं. आफ्रिकेत फिरलेले मिशनरी लिव्हिंगस्टन यांच्या पार्थिवासोबत 1874 मध्ये इंग्लंडला गेलेला जेकब वेनराइट नाशकातच शिकलेला. पुढे इथली बरीच मंडळी मोंबासाला फ्रेअरटाउन ही सुटलेल्या गुलामांची वस्ती वसवायला गेली. तिथली जुनी घंटा अजून आहे आणि त्या चौकालाच केंगेलेनी म्हणतात. तिथल्या स्वाहिली भाषेत केंगेले म्हणजे घंटा. नाशकातून तिकडे शिकवायला निघालेली मी काही पहिली नव्हे, हे त्या चौकात उभं राहून कळलं आणि थोडी घमेंड उतरली.

स्वाहिली मात्र इथूनच शिकून जा. निम्मे शब्द ओळखीचे निघतात: किताबू, हेसाबू, बीमा, रंगी, चहाला तर चाईच. या ओळखीवर विसंबून मी फसले. पहिल्या आठवड्यात निरोप आला, पालकांची सभा ‘सा म्बिली’ला. म्बिली म्हणजे दोन. मी साडी नेसून दुपारी दोनला हजर, सभागृहात फक्त झाडूवाल्या मावशी. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळी सातला एक, आठला दोन. पालक सकाळी आठला येऊन, अर्धा तास वाट बघून गेले होते. काही जण शेत टाकून आले होते. त्याची शरम अजून वाटते.

खाण्याचं फारसं अवघड नाही. उगाली म्हणजे मक्याची घट्ट उकड. चिवडा न्या, पण कॅरीबॅगमध्ये नको, 2017 पासून तिथे प्लास्टिक पिशव्यांना बंदी आहे.

सामानात माझी खरी चूक वेगळीच झाली. 23 किलोंतले 8 किलो बायबलच्या गोष्टींची चित्रं आणि फलक. त्या मुलांना गोष्टी माझ्यापेक्षा जास्त पाठ, वर चार आवाजांत गाऊन दाखवायची. त्यांना हवं होतं सहावीचं गणित आणि वसतिगृहाची वही नीट ठेवणारं माणूस. चित्रं कपाटातच राहिली. अपूर्णांक शिकवायला मी चपातीच कापून दाखवायचे, ती तिथेही चपातीच.

म्हणून दुसरा प्रश्न विचारते, “तिकडच्या हेडमास्तरांना विचारलंस का, काय कमी आहे?” गेल्या रविवारी एक मुलगा आला होता. “विचारायचं राहिलं, बाई,” म्हणाला, “पण गिटार घेतलीय.”