जपानी चित्रं घरात लावताना: छपाई, फ्रेम आणि नाशिकचा पावसाळा

जपानी चित्रकार होकुसाईची प्रसिद्ध लाट चार फुटी कॅनव्हासवर छापून सोफ्यामागे लावायचा मोह आवरा. लाकडी ठोकळे कोरून 1831च्या सुमारास काढलेला हा छाप मुळात जेमतेम 15 इंच रुंद आणि 10 इंच उंच आहे, हातात धरून बघायचा. तो तिप्पट-चौपट केला की केसाएवढ्या रेषा दोरीसारख्या जाड होतात. जुन्या कागदाचा पोत डागासारखा दिसतो, आणि तीन होड्यांत वाकून बसलेल्या वल्हेकऱ्यांकडे लक्षच जात नाही. छपाई मूळ मापातच करा. भिंत मोठी असेल तर रुंद माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट द्या.

न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम आणि शिकागोचं आर्ट इन्स्टिट्यूट यांच्या संकेतस्थळांवरून अशा छापांच्या मोठ्या फाइल मोफत मिळतात. होकुसाई 1849 साली गेला, असेच छाप काढणारा हिरोशिगे 1858 साली. स्वामित्वहक्काचा प्रश्न येत नाही. 15 बाय 10 इंचासाठी फाइल निदान 4500 बाय 3000 पिक्सेलची हवी. लॅबला ती पेन ड्राइव्हवर द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवली तर ती आकसते आणि बारीक रेषा फुटतात.

फ्लेक्सवाल्याकडे जाऊ नका. पिगमेंट शाईचा प्रिंटर असलेली फोटो लॅब गाठा आणि 230 ते 300 जीएसएमचा (हे कागदाच्या वजनाचं माप) म्हणजे जाडसर मॅट कागद मागा. ए3 आकार पुरतो, चारही बाजूंना कोरी कडा उरते. दोन गोष्टी आधीच बजावून सांगा. एक, ‘ऑटो करेक्शन’ बंद. नाहीतर कागदाचा पिवळसरपणा पांढराफटक होतो आणि खोल प्रशियन निळा भडक होऊन बसतो. दुसरी, कडा छाटायच्या नाहीत. लाटेच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात चौकटीतलं शीर्षक आणि शेजारी सही आहे. तयार फ्रेमच्या मापात बसवताना पहिला बळी तिचाच जातो. पूर्ण छपाईआधी चार इंची पट्टी काढून घ्या आणि ती दुकानातल्या ट्यूबलाइटखाली न बघता बाहेर उजेडात बघा. लॅमिनेशन अजिबात नको, चकाकी आली की चित्र मेलं.

फ्रेमवाल्याला मापं लिहूनच द्या. माउंटची खिडकी 15.5 बाय 10.5 इंच, म्हणजे चित्राभोवती पाव इंच कोरा कागद दिसेल. वर आणि दोन्ही बाजूंना 3 इंच माउंट, खाली 3.5, बाहेरचं माप 21.5 बाय 17 होतं. खालचा अर्धा इंच जास्त ठेवला नाही तर चित्र घसरल्यासारखं वाटतं. माउंट मोतिया रंगाचा आणि अ‍ॅसिड-फ्री, म्हणजे कागद पिवळा न पाडणारा, फ्रेमची पट्टी पाऊण इंची साधी सागवानी किंवा काळी मॅट. सोनेरी नक्षीची पट्टी देवादिकांच्या तसबिरींना शोभते, इथे नाही.

खरी गडबड चिकटवण्यात होते. बरेच कारागीर कागद मागच्या बोर्डाला चारही बाजूंनी फेविकॉल लावून बसवतात. पावसाळ्यात कागद ओल धरून फुगतो, पसरायला जागा नसते, मग मधे लाटा उठतात आणि त्या कायमच्या राहतात. फक्त वरच्या कडेला दोन ठिकाणी अ‍ॅसिड-फ्री कागदी टेप लावून चित्र टांगतं ठेवायला सांगा. काच कागदाला टेकता कामा नये. टेकली तर दमटपणात चिकटते आणि काढताना शाई सोबत येते. मागची फट ब्राउन टेपने बंद करा, खालच्या दोन कोपऱ्यांना रबराची बटणं लावा, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांमध्ये हवा खेळेल.

जागा ठरवताना पश्चिमेची बाहेरची भिंत टाळा. पावसाचा मारा तिच्यावरच, आणि उन्हाळ्यात दुपारचं ऊनही तिकडूनच. बाथरूमला लागून असलेली भिंतही नको. शंका असेल तर फूटभर प्लास्टिक चारही कडांनी टेपने चिकटवून दिवसभर ठेवा. आतल्या बाजूला थेंब दिसले तर ती भिंत सोडा. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांच्या मातीच्या भिंतीत गिट्टी धरत नाही, ड्रिल मारलं की भोक मोठं होत जातं. तिथे तुळईत हूक ठोकून तारेने फ्रेम सोडावी.

सोफा-खुर्च्या असतील तर चित्राचा मध्य जमिनीपासून 145 ते 150 सेंटिमीटरवर ठेवा. भारतीय बैठक असेल तर 110 पुरे. पारंपरिक जपानी बैठकीतही चित्र जमिनीवर बसूनच बघतात.

एका भिंतीला एकच चित्र. शेजारी लाफिंग बुद्धा, ड्रॅगन, चिनी पंखा आला की खेळ संपला. जपानात ऋतू बदलला की टोकोनोमातलं, म्हणजे बैठकीच्या कोनाड्यातलं चित्र बदलतात. तीच सोय इथे करा. पावसाळ्यात हिरोशिगेचा 1857 चा पुलावरचा पाऊस, थंडीत त्याचंच कंबारा गावचं बर्फ, वसंतात कामेइदोची आलुबुखाराची बाग. यातला पाऊस आणि बाग उभी चित्रं आहेत, बर्फ आडवं. म्हणून एक उभी आणि एक आडवी अशा दोन फ्रेम करून ठेवा आणि फ्रेमवाल्याकडून मागचा बोर्ड खिळ्यांऐवजी फिरत्या क्लिपांनी बसवून घ्या. उतरवलेले छाप आडवे, मधे अ‍ॅसिड-फ्री कागद घालून कपाटाच्या वरच्या खणात ठेवा. डांबरगोळी कागदाला टेकू देऊ नका.