एनएफएसच्या कोडमध्ये हात घालताय? आधी सर्व्हरचं उत्तर हरवून बघा

लिनक्स कर्नलच्या एनएफएस भागात (दुसऱ्या मशीनवरच्या फाइल्स नेटवर्कवरून वापरू देणारी ही पद्धत) काम सुरू करायचं असेल तर माउंट कसं करायचं, एक्स्पोर्ट कसा द्यायचा हे तुम्हाला येतं असं धरून चालतो. मला एकच गोष्ट नीट सांगायची आहे, कारण तिने माझे सहा आठवडे खाल्ले.

नवख्याला सगळे सांगतात, छोट्या साफसफाईच्या पॅचपासून सुरुवात कर. बाकी ठिकाणी ठीक असेल, इथे हा सल्ला मला घातक वाटतो. एनएफएस १९८०च्या दशकात सन मायक्रोसिस्टम्समध्ये जन्मलं. तेव्हापासून किती तरी वेगवेगळ्या सिस्टिम एकमेकींशी त्यातून बोलत आल्या आहेत. त्यामुळे इथली विचित्र दिसणारी ओळ बहुधा कुणाच्या तरी अडचणीवरचा इलाज असते.

मला अशीच एक ओळ सापडली. सर्व्हरच्या कोडमध्ये व्हेरिफायरचे दोन आकडे येतात आणि दोन्हींचा सर्वांत वरचा बिट पुसला जातो. वर टीप आहे: हा बिट असेल तर सोलारिस ७ (सनचीच ऑपरेटिंग सिस्टिम) गोंधळतं. सोलारिस ७ आलं १९९८ साली. आज ते कोण चालवतं, असं म्हणून मी ती ओळ काढली. त्याच टिपेत पुढे एक्सएफएस या फाइल सिस्टिमचाही उल्लेख होता, तो मी वाचला आणि सोडून दिला.

आता हा व्हेरिफायर काय ते सावकाश सांगतो. समजा एखादा प्रोग्रॅम लॉक फाइल बनवतो: आधीपासून असेल तर नको, नसेल तरच बनव. क्लायंट ही मागणी पाठवतो, सर्व्हर फाइल बनवतो आणि उत्तर द्यायच्या आत बंद पडतो. क्लायंटला उत्तर नाही, म्हणून तो तीच मागणी पुन्हा पाठवतो. एव्हाना उठलेल्या सर्व्हरला फाइल दिसते. तो 'आधीच आहे' म्हणाला, तर क्लायंटला वाटणार लॉक दुसऱ्याकडे आहे. प्रत्यक्षात लॉक त्याचाच, आणि तो स्वतःचीच वाट बघत बसणार.

यावर एनएफएस व्ही३ मध्ये तोड काढली. क्लायंट मागणीसोबत आठ बाइटची खूण पाठवतो, हाच तो व्हेरिफायर. सर्व्हरने ती डिस्कवर टिकेल अशी ठेवायची. जागा कुठली? बहुतेक सर्व्हर ती फाइलच्या दोन वेळांमध्ये, एटाइम (शेवटचं वाचन) आणि एमटाइममध्ये (शेवटचा बदल) ठेवतात. तीच मागणी परत आली की खूण जुळते आणि सर्व्हर म्हणतो, ही तुझीच. मग क्लायंट वेगळी विनंती करून खऱ्या तारखा आणि परवानग्या बसवतो.

म्हणजे तारखेच्या रकान्यात काही क्षण तारीख नसतेच, खूण असते. मी पुसणं काढून टाकल्यावर खुणेत कधी वरचा बिट यायचा, कधी नाही. माझ्या चाचण्या मात्र सगळ्या हिरव्या. क्लायंट लिनक्स, सर्व्हर लिनक्स, डिस्कवर एक्स्ट४ ही फाइल सिस्टिम, आणि मधलं नेटवर्क कधी तुटत नव्हतं. चाचणी संच दोनदा चालवून मी निर्धास्त झालो होतो.

पॅच बाहेर पाठवण्याआधी मी एका अनुभवी सहकाऱ्याला दाखवला. त्यांनी कोड वाचलाच नाही. विचारलं, "समोर कोण होतं? उत्तर हरवलं तेव्हा काय झालं?" माझ्याकडे दोन्हींचं उत्तर नव्हतं. (मार्गदर्शक निवडायचा तर असा निवडा. पहिल्याच दिवशी पॅच नीट करून देणारा माणूस तुमचं शिकणं लांबवतो.)

मग मी बिगटाइम (२०३८ पुढच्या तारखा साठवायची सोय) बंद ठेवून एक्सएफएस बनवलं, सर्व्हरची उत्तरं फायरवॉलने अडवली, फाइल बनवायला सांगितली आणि सर्व्हर रीस्टार्ट केला. रीस्टार्ट आवश्यकच आहे, नाहीतर सर्व्हर स्मरणात ठेवलेलं जुनं उत्तरच परत देतो आणि चूक झाकली जाते. काही वेळा फाइल बनली, काही वेळा 'फाइल आधीच आहे'. नापास फाइल्सवर तारखा दाखवणारी एलएस आज्ञा चालवली. खुणा वेगवेगळ्या, पण तारीख सगळ्यांची एकच: १९ जानेवारी २०३८, भारतीय वेळेने सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद. चिन्हासहित बत्तीस बिटांत मावणारा हा शेवटचा क्षण. त्यापुढचा आकडा आला की कर्नल तो या क्षणावर आणून ठेवतं, आणि खूण गेली.

मी तो पडदा बराच वेळ बघत होतो. लाज वाटली, खोटं कशाला सांगू.

घाबरून जाऊ नका, हा रस्ता जमतो. आरएफसी १८१३, म्हणजे व्ही३ चा अधिकृत तपशील, आधी पूर्ण वाचा, १२६ पानं आहेत, मी लोकलमध्ये वाचून संपवली. एनएफएस ४.१ चा आरएफसी ८८८१ सहाशेहून अधिक पानांचा आहे. तो सरळ वाचू नका, प्रश्न घेऊन उघडा. ४.१ मध्ये फाइल बनवतानाच खूण आणि परवानग्या एकत्र पाठवता येतात. तसं का केलं, ते व्ही३ समजल्यावर आपोआप कळतं. गोषवारे वाचून काम भागेल असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. आणि दोन्ही टोकं लिनक्स ठेवू नका. फ्रीबीएसडीचं व्हर्च्युअल मशीन फुकट बनतं. सोलारिसच्या वंशातलं ओपनइंडियानाही चालतं. एकाच कोडमधून आलेली दोन टोकं एकमेकांची चूक बरोबर मानून पुढे जातात, तिसरा कुणी आल्याशिवाय ती कळत नाही.

कोणतीही ओळ काढण्याआधी गिट ब्लेम करून ती कुणी, कधी आणली ते बघा, टीप शेवटपर्यंत वाचा. कळली नाही तर विचारा. या क्षेत्रातले लोक विचारणाऱ्याला हाकलत नाहीत, न विचारता पुसणाऱ्यावर मात्र चिडतात आणि ते बरोबरच आहे.

तो पॅच मी पाठवला नाही. उत्तर अडवून सर्व्हर रीस्टार्ट करणारी चाळीस ओळींची स्क्रिप्ट तेवढी ठेवली. आजही कुठलाही बदल पाठवण्याआधी ती रात्रभर चालवतो आणि सकाळी चहाच्या आधी तारखा बघतो.